मातीला गेलेले नरसिंहराव

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आपल्या समाजाचे वडीलधारे विलासराव मोहिते. होसकोट्याच्या पलीकडून दोन बस बदलून आलेल्या आजच्या प्रमुख पाहुण्या, मुख्याध्यापिका राजलक्ष्मी टीचर. आमच्या बांधकाम कंपनीचे मालक किरणकुमार. ज्यांच्या निरोपासाठी हे सभागृह आज खचाखच भरलं आहे ते सत्कारमूर्ती नरसिंहराव निकम. त्यांच्या शेजारी बसलेल्या, व्यासपीठावर वयानं आणि मानानं सर्वांत मोठ्या अशा त्यांच्या मातोश्री भाग्यलक्ष्मी अक्का. आणि समोर बसलेल्या बंधू-भगिनींनो, तुम्हा सर्वांना गिरीराज मानेचा नमस्कार.

टीचर, आपल्याला मराठी स्वल्प स्वल्प समजतं असं मघाशी म्हणालात. जिथं अडेल तिथलं मी नंतर कन्नडात सांगेन. सरी ना?

अध्यक्षांनी माझी ओळख ‘नरसिंहरावांचे जिवलग स्नेही’ अशी करून दिली. त्यांचा मान राखून एक दुरुस्ती करतो. स्नेह आहे, नाही असं नाही. पण त्रेसष्ट सालापासून, म्हणजे गेली पस्तीस वर्षं, मी या माणसावर जळत आलो आहे. हसू नका, खरंच सांगतोय. आमच्या सौभाग्यवती पुष्पावती तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत, त्या साक्ष देतील. बघा, मान हलवली त्यांनी.

आम्ही दोघं एकाच आठवड्यात कंपनीत लागलो. मला काँक्रीटकडे घातलं, त्यांना मातीकडे. मी मनात म्हटलं, गिरीराज, तुझं नशीब चांगलं. मी बांधलेलं शंभर वर्षं उभं राहणार. यांचं काम म्हणजे खड्डा खणायचा, निघालेली माती लॉरीत भरायची आणि कुठंतरी नेऊन टाकायची. त्यात कसलं नाव होणार? आणि आज बघा. गेल्या वर्षी मी निवृत्त झालो तेव्हा ऑफिसातच कार्यक्रम झाला. तीस माणसं, एक भिंतीवरचं घड्याळ, एक कागदी बशी मिक्स्चर. वीस मिनिटांत सगळे आपापल्या टेबलावर. आज खुर्च्या कमी पडल्या म्हणून शेजारच्या शाळेतून बाकं आणावी लागली. मी आल्या आल्या मोजली, चौदा बाकं आहेत.

आता सत्कारमूर्तींचं काम काय होतं ते थोडं सांगितलं पाहिजे, कारण समाजातल्या पुष्कळांना वाटतं की ते लॉऱ्या हाकत होते. बेसमेंट खणताना जी माती निघते ती वाटते तितकी साधी नसते. ती खड्ड्याच्या काठाशी रचली तर तिच्या वजनानं काठ आत येतो. उघडी ठेवली तर पावसात वाहून गटारात जाते, उन्हात उडून शेजाऱ्यांच्या नाकात जाते. चाकांना चिकटून रस्त्यावर गेली की स्कूटरवाले घसरतात. आणि कुठंही टाकली, म्हणजे आपल्याकडे बहुतेक कंत्राटदार सरळ केऱ्यात, तलावात टाकतात, की तो तलाव संपला. नरसिंहराव गेटवर उभे राहून प्रत्येक लॉरीला तीन प्रश्न विचारायचे. माती खड्ड्याच्या कुठल्या कोपऱ्यातली? दिसते कशी, वास कसा? आणि जाणार कुठं? तिसऱ्याचं उत्तर मिळाल्याशिवाय पहिलं फावडंसुद्धा भरू द्यायचे नाहीत. वरची लाल माती वेगळी, खालचा मुरूम वेगळा, आणि संशयाची माती सर्वांहून वेगळी, जाड प्लास्टिकवर, वरून ताडपत्री, भोवती दोरी. हातमोज्यांशिवाय तिला कुणी हात लावायचा नाही. प्रयोगशाळेचा कागद येईपर्यंत ती जागची हलायची नाही.

आता एवढं सगळं करणाऱ्या माणसाचा राग येणार की नाही? माझं लोखंड येऊन पडलेलं, गवंडी बसलेले, मालक विचारताहेत की स्लॅब कधी, आणि हे महाशय मातीचा वास घेताहेत.

एकाहत्तर-बहात्तरची गोष्ट. चिकपेटजवळ आम्ही कापडाच्या व्यापाऱ्यासाठी इमारत बांधत होतो. तिथली जागा तुम्हाला माहीत आहे, श्वास घ्यायला बाहेर यावं लागतं. मी म्हटलं माती काठालाच रचू, संध्याकाळी उचलू. नरसिंहराव म्हणाले, खड्डा जेवढा खोल तेवढी माती काठापासून लांब. मी म्हटलं, मग काय व्यापाऱ्याच्या गादीवर ठेवू? त्यांनी वाद घातला नाही. खाली लोखंड बांधणाऱ्या दोघांना वर बोलावलं, आणि स्वतः घमेलं उचलून ढीग हलवायला लागले. त्यांना बघून दहाजण लागले. अर्धा ढीग हलला असेल नसेल, तेवढ्यात काठाचा सहा फुटांचा तुकडा त्या दोघांच्या जागेवर जाऊन बसला. सगळ्यांनी नरसिंहरावांना उचलून घेतलं. मीही टाळ्या वाजवल्या. पण बंधू-भगिनींनो, त्या क्षणी माझ्या मनात ‘दोघे वाचले’ हे आलं नाही. ‘हे पुन्हा बरोबर निघाले’ हे आलं.

अशी पस्तीस वर्षं. त्यांनी चांगली माती ज्यांच्या सखल शेतात भरून दिली ते शेतकरी संक्रांतीच्या सुमारास यांच्या घरी अवरेकाईच्या शेंगा पाठवायचे, पिशव्या भरभरून. आमच्या घरी बाजारातून आणलेल्या शेंगा सोलता सोलता पुष्पावती म्हणायच्या, निकमांकडे यंदा पण आल्या म्हणे. काँक्रीटवाल्याला कोण काय पाठवणार? मी बांधलेल्या इमारतीत राहणारे लोक मला फक्त गळतीसाठी फोन करायचे.

बरं. आता तो किस्सा. तो सांगितल्याशिवाय मला खाली बसू द्यायचं नाही असं मघाशी पाच-सहा जणांनी बजावलं आहे. पुष्कळांनी तो माझ्याच तोंडून ऐकलाय, हसलाही आहात. तरी नव्यांसाठी पुन्हा सांगतो.

आपल्या ऑफिसात एक बोलण्याची पद्धत आहे. कुणी मातीच्या लॉऱ्यांबरोबर गेला की आपण म्हणतो, ‘मातीला गेला’. जसं बाजाराला गेला, तसं मातीला गेला. पंच्याण्णव साली आमच्याकडे पुण्याहून एक नवे इंजिनियर आले, अजित. ते काय, उजवीकडे खांबाशी बसले आहेत. महादेवपुऱ्याच्या बाजूला सॉफ्टवेअरवाल्यांसाठी इमारत उभी राहत होती, तिथं त्यांची नेमणूक झाली. एका शनिवारी दुपारी त्यांनी साइटवरून ऑफिसला फोन केला आणि नरसिंहरावांना मागितलं. फोन मी घेतला. मी म्हटलं, ते मातीला गेलेत. आता पुण्यात मातीला जाणं म्हणजे एकच. कुणाच्या तरी अंत्ययात्रेला जाणं. बिचारे अजित हळहळले. संध्याकाळी पांढरा सदरा घालून, साइटवरच्या चौघांना घेऊन, निकमांच्या दारात हजर. दार उघडलं अक्कांनी. यांना वाटलेलं, गेल्या असतील तर म्हाताऱ्या आईच. आणि त्या समोर उभ्या! अक्का म्हणाल्या, “कोन बा तुमी? आत या की. स्वल्प काफी घ्या.” पाचही जण कोचावर माना खाली घालून बसले, कुणाचं नाव घेऊन विचारावं ते कळेना. तेवढ्यात चिखलाच्या चपला घेऊन नरसिंहराव आले.

हा झाला किस्सा. इथपर्यंत तो मी गेली तीन वर्षं सांगतोय. लग्नांत सांगितला, बारशांत सांगितला. पुण्याच्या लोकांना आपलं बेंगळूरचं मराठी कळत नाही, असं म्हणून सगळे हसतात. अजितही हसतात. आज मी तो इथंच थांबवणार होतो. भाषण घरी लिहिलं त्यात तो इथंच संपला होता. पण मघाशी राजलक्ष्मी टीचरांनी आपल्या भाषणात शाळेच्या मैदानाचा विषय काढला, आणि आता मला पुढचं सांगितल्याशिवाय बसता येणार नाही.

अजितनी फोन का केला होता, हे मला आजवर कुणी विचारलं नाही. त्या साइटच्या जागी पूर्वी धातूंना मुलामा देण्याचं एक वर्कशॉप होतं, केव्हाच बंद पडलेलं. मागच्या कोपऱ्यात खणताना माती हिरवट-पिवळी लागली, तिला उग्र वास होता. नरसिंहरावांनी शिकवलं होतं तसं अजितनी काम थांबवलं आणि फोन केला. आमचं बोलणं मला शब्दन्‌शब्द आठवतं.

“निकमसाहेब आहेत का? मागच्या कोपऱ्यात माती विचित्र लागली आहे.”

“ते मातीला गेलेत.”

मग अजितनी आवाज खाली आणून विचारलं, “अरेरे. कोण गेलं?”

बंधू-भगिनींनो, मी त्यांना तिथंच सांगू शकत होतो की अहो, कुणी गेलं नाही, नरसिंहराव नेलमंगलच्या बाजूला दुसऱ्या साइटची माती टाकायची जागा बघायला गेलेत. तिथल्या एका हार्डवेअर दुकानाचा फोन नंबर त्यांनी सकाळीच माझ्या टेबलावर ठेवला होता. मातीचं काहीही निघालं तर लगेच कळव, म्हणून. चिठ्ठी माझ्या डोळ्यांसमोर होती. आणि मातीला जाणं म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं का? आपली घरं इथं तीनशे वर्षं आहेत, आपल्यात कुणी गेलं तर आपणही मातीलाच जातो. अजितनी काय ऐकलं ते मला त्याच क्षणी कळलं. मी गप्प राहिलो.

ते म्हणाले, “मग आज त्यांना त्रास नको द्यायला. त्या मातीनं भरलेल्या दोन लॉऱ्या उभ्या आहेत. सोडू का?”

मी म्हटलं, “सोडा.”

का म्हणून विचाराल. काम आधीच तीन आठवडे मागं होतं, हे एक कारण मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं. पण ते खरं कारण नाही. नरसिंहरावांना फोन लावला असता तर ते म्हणाले असते, थांबवा. सगळं थांबलं असतं. पुढं प्रयोगशाळेचा कागद आला असता आणि ते पुन्हा बरोबर निघाले असते. मला एकदा, फक्त एकदा, त्यांच्यावाचून काम व्हायला हवं होतं. त्या महिन्यात कंपनीत सेफ्टी ऑफिसर नेमायचा होता. नाव दोघांचंच होतं, त्यांचं आणि माझं.

त्या दोन लॉऱ्या गेल्या टीचरांच्या शाळेत. पावसात तळं साचणारं मैदान भरून मागितलं होतं शाळेनं. जागा नरसिंहरावांनीच बघून ठेवली होती, चांगल्या लाल मातीसाठी.

संध्याकाळी निकमांच्या घरी कोचावर बसून अजितनी जेव्हा सगळं सांगितलं, तेव्हा तिथं कुणी हसलं नाही. हसण्याचा भाग मी नंतर घातला. नरसिंहरावांनी काफीचा पेला तसाच ठेवला आणि त्याच चिखलाच्या चपला पायात घालून होसकोट्याकडे निघाले. रविवारी दिवसभर माणसं लावून, हातमोजे देऊन, त्यांनी ती माती उचलली. नुसती टाकलेली नाही, तिच्याखालची मूळची जमीनसुद्धा वीतभर खरवडून काढली. सगळं प्लास्टिकमध्ये बांधून साइटवर परत आणलं, झाकून ठेवलं. सोमवारी प्रार्थनेच्या घंटेआधी मैदानावर दोरी आणि कन्नडातली पाटी लागलेली होती. पंधरा दिवसांनी कागद आला. ती माती हाताळण्याजोगी नव्हती, मुलांनी खेळण्याजोगी तर नव्हतीच. सुदैवानं कुणाला काही झालं नाही. टीचर, हे नशीब नव्हतं खरं तर. तुमच्या शाळेतल्या एकाही पोराचा पाय तिला लागला नाही, तो या माणसामुळे.

टीचरांनी कंपनीला पत्र लिहिलं, ही माती आमच्याकडे कुणी पाठवली? रास्तच होतं. किरणकुमारांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावून विचारलं. मी खिडकीबाहेर बघत होतो. नरसिंहराव म्हणाले, “मातीची जबाबदारी माझी. चूक माझी.” किरणकुमारांनी तसंच पत्राचं उत्तर दिलं, तसाच शेरा त्यांच्या फाइलीत लिहिला. महिन्याअखेर सेफ्टी ऑफिसर मी झालो. घरी पुष्पावतींनी केसरीभात केला होता. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. आज पहिल्यांदा ऐकताहेत.

नरसिंहरावांनी मला कधीही विचारलं नाही. एकदाच, जिना उतरताना म्हणाले, “गिरीअण्णा, यापुढे ‘मातीला गेलेत’ म्हणू नको बा. ‘लॉरीबरोबर गेलेत’ म्हण.” एवढंच. म्हणजे त्यांना सगळं कळलं होतं. मला वाटलं होतं ते बोलतील, भांडतील, चारचौघांत माझी अब्रू काढतील. मग मलाही चार शब्द बोलता आले असते. तेही त्यांनी मला करू दिलं नाही.

बघा, नरसिंहराव मला खाली बसा म्हणून खुणावताहेत. अध्यक्षमहाराज, त्यांना आवरा. यांचं ऐकून ऐकून पस्तीस वर्षं गेली, आज दोन मिनिटं मी माझं करणार आहे.

अजित, तुम्ही उठू नका, बसा. तीन वर्षं तुम्ही समजत आलात की चूक तुमच्या ऐकण्याची. मी तुम्हाला तेवढ्यावरून लग्नाच्या पंगतीत हसवून घेतलं. तुमचं मराठी चुकलं नव्हतं हो. तुम्ही जे ऐकलंत ते मी तुम्हाला ऐकू दिलं.

किरणकुमार, आपल्या फाइलीत तो शेरा अजून आहे. आज मानपत्रात आपण ‘एक किरकोळ प्रसंग वगळता निष्कलंक सेवा’ असं लिहिलंत. मानपत्र वाचलं जात असताना मी अक्कांकडे बघत होतो. ‘वगळता’ म्हटल्यावर त्यांनी मान खाली घातली. अक्का, तुमच्या मुलाकडून असं काही झालं नाही. ते मी केलं.

आता कुणाला वाटेल, गिरीराजचं मन साफ झालं, त्याला पश्चात्ताप झाला. पश्चात्ताप आहे. पण मी खोटं बोलणार नाही, जळणं अजून आहे. उलट वाढलंय. या माणसाकडे नाक होतं, मान होता, शेतकऱ्यांच्या शेंगा होत्या, आणि आज ही एवढी माणसं आहेत. हे सगळं मला हवं होतं, मला मिळालं नाही, चालायचंच. पण माझी स्वतःची म्हणावी अशी एक गोष्ट होती, तीही हे तीन वर्षं स्वतःच्या नावावर घेऊन बसले आणि त्यातही माझ्यापेक्षा मोठे झाले. चूक माझी आहे, नरसिंहराव. ती मला परत द्या. किरणकुमार, उद्या सकाळी मी ऑफिसात येतो. त्या शेऱ्यावर रेघ मारा आणि माझ्या फाइलीत लिहा. निवृत्त माणसाची फाइल उघडता येत नाही असं कारकून म्हणतील, त्यांना सांगा की मी बाहेर बाकावर बसून आहे.

अध्यक्षांनी दहा मिनिटं दिली होती, मी किती घेतली ते मोजलेलं नाही. टीचर, आपण इतक्या लांबून आलात, आणि आपल्याला हे सगळं अशा ठिकाणी ऐकावं लागलं. आपले उपकार मानतो, आणि जेवणाआधी सगळं कन्नडात पुन्हा सांगतो, एकही शब्द न गाळता. समाजाच्या कार्यकारिणीचे, आचाऱ्यांचे, शेजारच्या शाळेनं बाकं दिली त्यांचे मनापासून आभार. या भाषणात बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, एखादा शब्द कमीजास्त गेला असेल, तर तो आपल्या माणसाचा म्हणून पोटात घाला. त्या दोन लॉऱ्यांचं मात्र कुणी पोटात घालू नका. ते आजवर एकट्या नरसिंहरावांनी घातलं, तेवढं पुष्कळ झालं. नमस्कार.